‘पेशंटने जेवण कमी घेतलं’ असं लिहून मी सही केली

(पत्र थोडं आटोपशीर केलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

‘मी २६ वर्षांची, बीएस्सी नर्सिंग. नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात मेडिकल वॉर्डला तीन वर्षं आहे. पाच दिवसांपूर्वी नाईटला आम्ही दोघी स्टाफ होतो आणि पेशंट बावीस. दिंडोरीकडचे एक काका पायाच्या जखमेसाठी ॲडमिट आहेत, डायबेटीस जुना. रात्रीच्या जेवणाआधी १६ युनिट रेग्युलर इन्सुलिनची ऑर्डर होती. वॉर्डातली इन्सुलिनची व्हायल (बाटली) संपली होती. नातेवाइकांनी मेडिकलमधून आणलं ते इन्सुलिन पेनमध्ये बसवायचं कार्ट्रिज निघालं, आणि पेन नव्हता. मी नेहमीच्या लाल टोपीच्या सिरिंजने त्यातून १६ पर्यंत ओढलं आणि साडेआठला दिलं. सव्वादहाला काकांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. शुगर ४६. आरएमओंनी (ड्युटीवरच्या डॉक्टरांनी) शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, दिलं, काका सावरले. अकराच्या सुमारास ट्रे आवरताना कार्ट्रिजवरचं ‘१०० आययू’ वाचलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. कुणाला बोलले नाही. रात्रभर दर तासाला शुगर बघत राहिले. एक वाजता पुन्हा ५८ आली, दुधात साखर घालून दिली. सकाळी इनचार्ज सिस्टरना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “पेशंट बरा आहे ना? मग गाजावाजा कशाला? जेवण कमी घेतलं असं लिही.” मी लिहिलं आणि सही केली. काकांच्या मुलीने विचारलं, “सिस्टर, शुगर एवढी कशी उतरली?” मी म्हटलं, “होतं कधी कधी.” सरांनी आता इन्सुलिन १० वर आणलंय, शुगर तीनशेच्या आसपास राहते. इनचार्ज सिस्टरनी मला हाताला धरून काम शिकवलंय, त्यांना अडचणीत आणायचं नाही. माझी मूळ प्रमाणपत्रं एचआरकडे आहेत. झोप लागत नाही. राजीनामा द्यावा का? मी स्वतःला नर्स म्हणवून घ्यायला लायक आहे का?’

— एक स्टाफ नर्स, नाशिक

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. सरांनी इन्सुलिन १० वर आणलं आणि शुगर तीनशेच्या आसपास राहते, हे ते वाक्य. राजीनामा, प्रमाणपत्रं, लायकी या सगळ्याचा विचार दोन दिवसांनी केला तरी चालेल. हे मात्र आज संध्याकाळच्या राउंडच्या आत व्हायला हवं.

काय घडलंय ते बघा. डॉक्टरांच्या समोर जो शुगर चार्ट आहे, त्यात १६ युनिटला शुगर ४६ पर्यंत उतरल्याचं दिसतं. जेवण थोडं कमी झालं होतं, एवढंच कारण सोबत आहे. त्यावरून कुठलाही शहाणा डॉक्टर हाच निष्कर्ष काढणार की या पेशंटला इन्सुलिन फार लागू होतं, जपून द्यावं. म्हणून त्यांनी डोस कमी केला आणि आता वाढवायला ते धजावत नाहीत. प्रत्यक्षात काकांना १६ युनिट गेलेच नव्हते, ४० गेले होते. म्हणजे गेले पाच दिवस एक खोटी ओळ काकांचा डोस ठरवते आहे. तीनशेच्या शुगरवर पायाची जखम भरत नाही, जंतुसंसर्ग बळावतो, आणि डायबेटीसच्या पायाची गोष्ट बोटावरून घोट्यापर्यंत जायला वेळ लागत नाही. काकांसाठी तो पाय म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. आणखी एक: डिस्चार्ज कार्डावर ‘इन्सुलिनला संवेदनशील’ असा शेरा पडला, तर तो गावाकडच्या डॉक्टरांपर्यंत जाईल आणि पुढे कित्येक महिने काकांना कमीच डोस मिळत राहील.

तुमच्या इनचार्ज सिस्टरचं ‘पेशंट बरा आहे ना?’ हे म्हणणं इथेच चुकलं. त्या सकाळी काका सावरलेले होते, पण त्यांची फाइल बिघडलेली होती.

आता चूक नेमकी कुठे झाली ते आकड्यांत मांडू, कारण हेच तुम्हाला डॉक्टरांना सांगायचं आहे. लाल टोपीची सिरिंज ४० आययू (म्हणजे युनिट) प्रति मिलीच्या इन्सुलिनसाठी असते, केशरी टोपीची १०० आययूसाठी. लाल सिरिंजवरची १६ ची खूण म्हणजे ०.४ मिली औषध. व्हायल ४० ची असेल तर त्यात १६ युनिट येतात. पेनच्या कार्ट्रिजमध्ये मात्र प्रत्येक मिलीत १०० युनिट असतात, म्हणून त्याच ०.४ मिलीत ४० युनिट गेले. बरोबर अडीच पट. उलटी चूकही होते: ४० ची व्हायल आणि केशरी सिरिंज असेल तर १६ च्या खुणेला जेमतेम ६.४ युनिट जातात, आणि ‘पेशंटला इन्सुलिन लागूच होत नाही’ म्हणून डोस वाढत जातो. ही उलटी चूक जास्त काळ लपून राहते.

कार्ट्रिज पेनसाठी असतं, सिरिंजने ओढायसाठी नसतं. हा नियम तुम्ही शिकला आहात. त्या रात्री व्हायल संपली होती, पेन नव्हता, बावीस पेशंटला दोघी होतात, काकांचं ताट समोर आलं होतं. हे सगळं खरं आहे आणि ते लिहिलंच पाहिजे. तरीही औषध देताना तपासायच्या पाच ‘बरोबर’ गोष्टींमधला ‘बरोबर डोस’ तपासायचा तर लेबलवरची तीव्रता वाचावी लागते, आणि ती तुम्ही वाचली नाहीत. ही तुमची चूक. तिला मोठी करू नका, झाकूही नका. दमलेली, घाईतली, चांगली शिकलेली नर्स अशी चूक करते. म्हणूनच ती होऊ नये यासाठी वॉर्डात दोन तीव्रतेचं इन्सुलिन एका ट्रेमध्ये ठेवायचं नसतं.

त्या रात्री अकरानंतर जे झालं त्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. अकराला तुम्हाला कळलं होतं. रेग्युलर इन्सुलिनचा जोर दोन ते चार तासांत सगळ्यात जास्त असतो, परिणाम सहा ते आठ तास राहतो, आणि डोस मोठा असला की आणखी लांबतो. काकांची किडनी थकलेली असेल, जी जुन्या डायबेटीसमध्ये बऱ्याचदा असते, तर आणखीच. १०० मिली २५ टक्के डेक्स्ट्रोजमधून २५ ग्रॅम साखर जाते. ती लवकर संपते, इन्सुलिन संपत नाही. आरएमओंना वाटत होतं की एक साधा हायपो झाला, म्हणजे शुगर उतरली, आणि निस्तरला. ४० युनिट गेलेत हे त्यांना माहीत असतं, तर त्यांनी डेक्स्ट्रोजची ड्रिप चालू ठेवली असती, पोटॅशियम बघितलं असतं, कदाचित काकांना आयसीयूत हलवलं असतं. एकची ५८ त्याचीच खूण होती. तुम्ही दर तासाला शुगर पाहत जागलात म्हणून ती सापडली, नाहीतर झोपलेला माणूस घामाघूम होऊन बेशुद्ध झाला असता आणि पहाटेच्या टीपीआरपर्यंत (ताप, नाडी, श्वास बघायच्या फेरीपर्यंत) कुणाला कळलं नसतं. तुमचं ते जागणं ही उत्तम नर्सिंग होती. त्याच वेळी तुम्ही डॉक्टरांपासून जे दडवलंत, ते धोकादायक होतं. दोन्ही एकाच रात्री, एकाच माणसाकडून झालं.

पुढे कधी असं लक्षात आलं, तर त्या मिनिटाला आरएमओंना फोन: ‘अमुक बेड, इतके युनिट जास्त गेलेत, इतक्या वाजता, आत्ताची शुगर इतकी.’ आयव्ही लाइन काढू द्यायची नाही. शुगर स्थिर होईपर्यंत दर पंधरा मिनिटांनी, मग दर तासाला, डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत. पेशंट पूर्ण शुद्धीवर आणि गिळू शकत असेल तरच तोंडाने साखर.

आता आजचं काम. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिल्यांदा इनचार्ज सिस्टरना गाठा, एकट्यात, पुढच्या पाळीला ओव्हर देऊन झाल्यावर. परवानगी मागायला जायचं नाही. आपल्या माणसाला बातमी दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून जायचं. असं म्हणता येईल: ‘सिस्टर, काकांचा डोस त्या नोंदीमुळे कमी झालाय आणि शुगर तीनशे आहे. मी आज सरांना खरं सांगणार आहे. तुम्ही सोबत आलात तर मला बरं वाटेल.’ त्यांनी तुम्हाला काम शिकवलं हे तुम्ही विसरला नाहीत, हे चांगलंच. पण त्यांच्याकडून तुम्ही शिरेचा अंदाज, ड्रेसिंगचा हात, रडणाऱ्या नातेवाइकाशी बोलणं शिकलात. त्याची परतफेड खोट्या सहीने होत नाही. खरं तर त्यांना वाचवायचा हाच मार्ग आहे. उद्या जखम बिघडली आणि फाइल उघडली गेली, तर जास्त वर्षं नोकरी झालेल्या त्या असतील आणि ‘कुणी लिहायला सांगितलं’ हा प्रश्न त्यांनाच विचारला जाईल. आज त्या सोबत आल्या, तर त्या स्वतः पुढे येऊन चूक सुधारणाऱ्या ठरतील.

त्या नाही म्हणाल्या, तर वाद घालू नका. ‘ठीक आहे सिस्टर, मी जाते’ म्हणा आणि जा.

मग डॉक्टर. राउंडच्या घोळक्यात, पेशंटच्या पायथ्याशी नको. आधी पाच मिनिटं मागून घ्या, पाच दिवसांचा शुगर चार्ट हातात ठेवा. सुरुवात माफीने करू नका, आकड्याने करा: ‘सर, त्या रात्री काकांना १६ ऐवजी ४० युनिट गेले होते. १०० चं कार्ट्रिज आणि ४० ची सिरिंज. मी जेवण कमी लिहिलं ते खरं नव्हतं. आज सकाळची शुगर इतकी आहे, डोसचा पुन्हा विचार व्हावा.’ डॉक्टर रागावतील. रागावू देत. त्यांचा पाच दिवसांचा हिशेब चुकीच्या आकड्यावर उभा होता. नवा डोस किती, ते तेच ठरवतील. लगेच १६ वर जाऊ नका असंही म्हणतील, कारण हायपो होऊन गेलेल्या पेशंटचा डोस पायरीपायरीने चढवतात.

तिसरं, लेखी नोंद. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. जुनं पान काढायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही, जुन्या ओळीत काही घुसडायचं नाही, मागची तारीख घालायची नाही. आजच्या तारखेला, आजच्या वेळेला, नर्सेस नोट्समध्ये नवी नोंद करायची. मजकूर साधारण असा:

‘उशिरा केलेली नोंद. आज दि. __, वेळ __. दि. __ रोजी रात्री ८:३० वाजता १६ युनिट रेग्युलर इन्सुलिनची ऑर्डर होती. १०० आययू प्रति मिली कार्ट्रिजमधून ४० आययूच्या सिरिंजने १६ च्या खुणेपर्यंत औषध घेऊन त्वचेखाली दिले. प्रत्यक्ष मात्रा ४० युनिट. १०:१५ वाजता घाम, थरथर, शुगर ४६, डॉ. __ यांच्या आदेशानुसार २५% डेक्स्ट्रोज. १:०० वाजता शुगर ५८; तोंडाने साखर-दूध. दि. __ च्या नोंदीतील “जेवण कमी घेतले” हा उल्लेख माझ्या निरीक्षणावर आधारित नव्हता. डॉ. __ यांना आज __ वाजता कळवले.’ खाली पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, सही.

केस पेपरात एवढंच. ‘स्टाफ कमी होता’, ‘मला लिहायला सांगितलं’, ‘मी खूप दुःखी आहे’ यातलं काहीही तिथे नको. केस पेपर हा पेशंटच्या शरीराचा हिशेब आहे. कारणं इन्सिडंट फॉर्ममध्ये (घडलेली चूक रुग्णालयाला कळवायच्या फॉर्ममध्ये) जातात आणि तो फॉर्म वेगळा भरायचा. त्यात मात्र हात आखडता घेऊ नका: त्या रात्री किती पेशंट, किती स्टाफ, व्हायल कधी संपली, फार्मसीला कळवलं होतं का, नातेवाइकांनी आणलेलं औषध वॉर्डात घेताना कोण तपासतं, दोन नर्सनी मिळून तपासायची पद्धत आहे का. रुग्णालयाला एनएबीएचचं, म्हणजे रुग्णालयांच्या दर्जाचं, मानांकन असेल, तर असा फॉर्म आणि तो बघणारा क्वालिटी विभाग तिथे असतोच. नसेल, तर साध्या कागदावर मेट्रन मॅडमना (नर्सिंगच्या प्रमुखांना) अर्ज लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. स्वतःसाठी घरच्या वहीत तारीख-वेळेनिशी टिपण ठेवा, पेशंटचं नाव न घालता. केस पेपरचे फोटो मोबाइलमध्ये काढू नका आणि मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘असं झालं गं’ म्हणून टाकू तर मुळीच नका. गोपनीयता मोडली तर तुमची बाजू खरी असूनही तुम्हीच अडकाल.

मुलीचं राहिलं. तिला सांगायलाच हवं, आणि ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, बसून, दार लावून सांगायला हवं. तुम्ही तिथे असायला हवं. चार गोष्टी पुरतात: काय झालं, त्याने काय परिणाम झाला, काय केलं, आता पुढे काय करणार. कॉरिडॉरमध्ये गाठून एकटीने सांगून टाकू नका. मन हलकं होईल, पण तिच्या पुढच्या दहा प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे नसतील. माफी मागितली की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, ही भीती वॉर्डावॉर्डात पसरलेली आहे. पण नातेवाईक कोर्टाची पायरी चढतात त्यामागे बऱ्याचदा ‘आमच्यापासून लपवलं’ ही भावना असते. शिवाय केस पेपरची प्रत मागायचा त्यांना हक्क आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत ती ७२ तासांत द्यावी असं डॉक्टरांना बंधन आहे. तेव्हा गोष्ट झाकून राहील या भरवशावर राहू नका.

आणि डॉक्टर किंवा व्यवस्थापन म्हणाले, ‘घरच्यांना सांगायचं नाही’, तर? ही खरी अवघड जागा आहे. तुमच्या हातात तेव्हा दोन गोष्टी राहतात. मेट्रन आणि मेडिकल सुपरिंटेंडंट यांना लेखी द्यायचं की नातेवाइकांना माहिती द्यावी असं माझं मत आहे. आणि मुलीने पुन्हा विचारलं, तर खोटं बोलायचं नाही. ‘तुमचा प्रश्न बरोबर आहे. मी सरांना सांगते की तुम्हाला याबद्दल सविस्तर बोलायचंय’, हे खरं आहे आणि तुमच्या अधिकारात आहे. ‘होतं कधी कधी’ हे खोटं होतं. एकटीने सगळं न सांगणं आणि खोटं सांगणं यात फरक आहे, तो जपा.

यातून तुमचं काय होईल, तेही खरं सांगितलं पाहिजे. मेमो मिळू शकतो. चौकशी होईल. काही ठिकाणी सांगणाऱ्यालाच घरी पाठवतात, तसं होणार नाही अशी हमी कुणी देऊ शकत नाही. घरच्यांनी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली, तर कर्मचाऱ्याच्या चुकीची भरपाई सर्वसाधारणपणे रुग्णालयावरच येते. मात्र चूक आणि खोटी नोंद यांचं वजन कायद्याच्या आणि नर्सिंगच्या परिषदेच्या तराजूत वेगवेगळं आहे. चूक निष्काळजीपणात मोजली जाते आणि तिला परिस्थितीचा आधार असतो. जाणूनबुजून केलेल्या खोट्या नोंदीला कसलाच आधार नसतो. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीपुस्तकातून गैरवर्तनासाठी नाव कमी होऊ शकतं, हे लक्षात ठेवा. ती नोंद आज तुम्ही स्वतःहून दुरुस्त केलीत, तर तुमच्या बाजूने बोलणारा तोच एक भक्कम कागद असेल.

प्रमाणपत्रांचं म्हणाल तर मूळ कागद पडताळणीपुरते दाखवायचे असतात, ठेवून घ्यायला द्यायचे नसतात. आज किंवा उद्या वेगळा अर्ज द्या: कोणती प्रमाणपत्रं, कधी जमा केली, परत मिळावीत. या प्रकरणाचा त्यात उल्लेख करू नका. पोच घ्या. सगळ्यांच्या रंगीत प्रती आणि परिषदेच्या नोंदणीचा क्रमांक घरी ठेवा. कागद कुणाच्या कपाटात आहेत, यावर तुमची नोंदणी टिकून नाही.

आता तुमचा प्रश्न: मी नर्स म्हणवून घ्यायला लायक आहे का?

नर्सिंग शिकताना दिवे लावून जी शपथ म्हणतात, ती नाइटिंगेलच्या नावाने ओळखली जाते, पण ती नाइटिंगेलने लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली. तिच्यात घातक औषध जाणूनबुजून देणार नाही असं आहे, आणि डॉक्टरांच्या कामात निष्ठेने मदत करीन असंही आहे. परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९५३ मध्ये पहिली आचारसंहिता केली, तिच्यातही डॉक्टरांच्या आज्ञा समजून-उमजून आणि निष्ठेने पाळाव्यात असं कलम होतं. १९७३ मध्ये ती बदलली, तेव्हा पहिली जबाबदारी ज्यांना शुश्रूषा हवी त्या माणसांशी, असं स्पष्ट झालं. निष्ठेचा पत्ता बदलला. आपल्या वॉर्डात मात्र जुना पत्ता अजून चालतो. सर रागावतील, इनचार्जना वाईट वाटेल, रुग्णालयाचं नाव जाईल, असा विचार करताना बेडवरचा माणूस शेवटी येतो. तुमच्या पत्रात काकांची तीनशेची शुगर इनचार्ज सिस्टरच्या आणि प्रमाणपत्रांच्या दोनच ओळी आधी, जाता जाता येते. हा तुमचा एकटीचा दोष नाही, पण ती सवय मोडायची जागा हीच.

सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी पदं आहेत. खासगीत सगळ्याच ‘सिस्टर’ आणि कामावर ठेवताना ‘स्टाफ’. या नावांमुळे असं वाटायला लागतं की आपण कुणाच्या तरी हाताखालचे आहोत आणि सांगितलं ते करायचं. पण नाशिकमधल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची चार वर्षांची पदवी आणि १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखालची नोंदणी तुमच्या नावावर आहे, रुग्णालयाच्या नाही. नर्सेस नोट्स हा डॉक्टर लिहीत नाहीत असा कागद आहे. चोवीस तास बेडजवळ कोण होतं आणि काय पाहिलं, याचा तोच एक पुरावा. तिथली तुमची सही म्हणजे ‘मी हे पाहिलं’. काकांचं ताट कमी गेल्याचं तुम्ही पाहिलं नव्हतं.

लायकीचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते कागदावर देताही येत नाही. एवढं दिसतं की रात्रभर दर तासाला बोट टोचून शुगर पाहणारी बाई बेपर्वा नाही. पाच दिवस झोप न लागणं हे तर त्याचंच लक्षण आहे. पण झोप न लागणं हा उपचारही आहे असं समजू नका. स्वतःच्या चुकीने पेशंटला इजा झाली की नर्सला असं होतं. हात कापतो, प्रत्येक इंजेक्शन चार वेळा बघावंसं वाटतं, मग दुसरी कामं मागे पडतात आणि तिथे नवी चूक होते. घरात एका माणसाशी तरी बोला. रात्री उशिरा कुणी नसेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

वॉर्डात मात्र बदल मागा, आणि मेट्रनकडे तो नेमक्या शब्दांत मागा. ‘काळजी घ्यावी’ असं परिपत्रक निघालं तर काहीच बदलणार नाही. वॉर्डात एकाच तीव्रतेच्या व्हायल आणि त्याच रंगाच्या सिरिंज ठेवाव्यात. कार्ट्रिज आणि पेन पेशंटच्या नावाच्या वेगळ्या डब्यात. नातेवाइकांनी आणलेलं इन्सुलिन फार्मसीने बघितल्याशिवाय द्यायचं नाही. चार्टवर ‘यू’ न लिहिता ‘युनिट’ पूर्ण लिहायचं, कारण घाईतला इंग्रजी यू शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात. इन्सुलिन दुसऱ्या नर्सने तपासायचं, म्हणजे भरलेली सिरिंज लांबून दाखवल्यावर मान हलवायची नाही. तिने स्वतः ऑर्डर वाचायची, व्हायलवरचा आकडा वाचायचा, मग सिरिंज बघायची आणि आपला आकडा मोठ्याने सांगायचा. याला अर्धं मिनिट लागतं. रात्री दुसरी नर्स अडकली असेल, तर ताट पाच मिनिटं थांबलेलं चालेल.

राजीनामा आत्ता देऊ नका. तुम्ही निघून गेलात, तरी ती ओळ फाइलमध्ये राहील आणि ती दुरुस्त करू शकणारी एकमेव व्यक्ती बाहेर असेल. काकांचा डिस्चार्ज होईपर्यंत थांबा. डिस्चार्ज कार्ड तयार झालं की सही व्हायच्या आत ते हातात घ्या, हायपोचं कारण आणि घरी घ्यायचा इन्सुलिनचा डोस बरोबर आला आहे का ते वाचा. घरी त्यांच्याकडे व्हायल आहे की पेन, सिरिंज कोणत्या टोपीची, ते मुलीला विचारा, तिच्याकडून एकदा सिरिंज भरून घ्या आणि खूण बोटाने दाखवायला सांगा.